पाणी – भरणे

मित्रांनो, फाटकाजवळ जमिनीत लोखंडी झाकण दिसले की त्यावर धाडकन उडी मारायची तुम्हाला कोण हौस! त्या झाकणाखाली कुणी राहत असेल, हे तुमच्या मनातही येत नाही. तिथे मी राहतो. मी एक जुना पाण्याचा मीटर आहे.

माझे अंग पितळेचे, तोंडावर काच आणि काचेआड चिमुकले चक्र. पाणी आले की चक्र फिरते आणि आकडे पुढे सरकतात. कारखान्यात एका तपासनिसाने माझ्यातून मोजून शंभर लिटर पाणी सोडले, आकडा पाहिला आणि म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही." एवढ्या एका कौतुकावर मी तीस वर्षे काढली आहेत.

या घरात मला बसवले तेव्हा घरमालक दर रविवारी फडक्याने माझी काच पुसत. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. पुढे फडके गेले, मुंग्या आल्या, काच धुरकटली. तरी घरात काय चालले आहे ते मला पाण्यावरून समजते. भाऊंची लेक मोठी झाली तेव्हा एकट्या तिच्या आंघोळीने माझे चक्र गरगरायचे. ती लग्न होऊन दूर देशी गेली आणि माझा वेग निम्म्यावर आला. घरात मग तिघेच उरले. भाऊ, वहिनी आणि भाऊंची थोरली बहीण आक्का.

यंदा त्या लेकीला दिवस गेले आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचे नाही असे बजावले. भाऊ-वहिनींना साडेचार महिन्यांसाठी जाणे भाग पडले. आक्कांचे काय करायचे, यावर स्वयंपाकघरात तीन दिवस खल चालला. त्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर माझ्या डोक्यावर आहे, म्हणून सगळे ऐकू येते.

"आपल्या धाकट्या भावाकडे राहा तोवर," भाऊ म्हणाले.

"मला कुणाच्या दारात जायचं नाही. घर मी सांभाळते. तुम्ही निर्धास्त जा."

"ठीक आहे. पण काही अडलं तर मी तसाच परत येईन, आणि मग तुला धाकट्याकडे जावंच लागेल. कबूल?"

"कबूल," आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की माझेच काळीज चरकले.

निघताना वहिनींनी यादी लिहून फ्रिजवर चिकटवली आणि मागे बाहेरची कामे बघणार होते त्या समोरच्या टेलरकाकांना वाचून दाखवली. "लाइट – भरणे. पाणी – भरणे. पेपर – बंद." घाईत लिहिलेली यादी ती. वहिनींना सगळे माहीत होते, म्हणून त्यांना ती पुरेशी वाटली.

टेलरकाका म्हणजे एक कापड कापायचे तर दोनदा माप घेणारा माणूस. त्यांनी लाइटचे बिल वेळेवर भरले. लाइट काही बादलीत भरता येत नाही, त्यामुळे तिथे घोटाळा झाला नाही. पण पाणी भरता येते! दुसऱ्या दिवसापासून सकाळी ठीक साडेसहाला काका हजर. मोटर लावायची, गच्चीवरची टाकी काठोकाठ भरायची आणि खालून ओरडायचे, "आक्का, पाणी भरलं हो!" मग आक्का दुपारी नळ सोडून बादल्या, पातेली, झालेच तर फुलदाणीसुद्धा भरत. यादीत लिहिले आहे ना! माझे चक्र आपले फिरतेच आहे. एकट्या म्हाताऱ्या बाईला एवढे पाणी कशाला, या विचाराने माझी झोप उडाली.

दर दोन महिन्यांनी आकडे टिपायला एकजण येतो. भाऊ त्याला फाटकातच गाठून बिल हातात घेत. या वेळी फाटकाला आतून कडी होती. त्याने वरून हात घालून ती काढली, झाकण उचलले, आकडा टिपला, दोनदा "कुणी आहे का?" अशी हाक मारली. आक्कांना कमी ऐकू येते. शेवटी त्याने बिल घडी करून माझ्या छातीवर ठेवले आणि झाकण लावले.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! घरातला सगळ्यात तातडीचा कागद माझ्याच छातीवर, आणि मला तोंड असून बोलता येत नाही. ओलीने शाई पसरत होती. वर काका ओरडत होते, "पाणी भरलं हो!" आणि मी खाली मनात ओरडत होतो, नाही भरलं, नाही भरलं!

रविवारी भाऊंचा फोन येई. आक्का फोन खिडकीत ठेवून त्याचा आवाज मोठा करीत.

"लाइट भरलं?"

"भरलं."

"पाणी भरलं?"

"रोज भरतो, अरे! तू काळजी करू नकोस."

आता 'रोज' हा शब्द ऐकून कुणाचेही कान टवकारावेत की नाही? पण लेकीची औषधे, तपासण्या यांत भाऊंचे लक्ष कुठे होते? फोन ठेवला जाई आणि माझा जीव पुन्हा टांगणीला लागे. दोन महिन्यांनी दुसरे बिल आले, लाल शिक्क्याचे. टिपणारा नवा होता. पहिले बिल तसेच पडलेले पाहून तो पुटपुटला, "इथं कुणी राहत नाही वाटतं." त्याने दुसरे त्यावर ठेवले.

आणि पंधरा दिवसांनी, एका शुक्रवारी, पाना घेऊन दोघे आले. पान्याचा दात माझ्या शेजारच्या पाइपाला लागला आणि माझ्या तोंडचे पाणी पळाले. हे मी अगदी शब्दशः सांगतो आहे. तीस वर्षांत पहिल्यांदा माझे चक्र थांबले.

ठोकाठोकीने आक्का दारात आल्या. गेल्या वर्षी त्या याच तीन पायऱ्यांवरून पडल्या होत्या. तेव्हापासून हात धरायला कुणी असल्याशिवाय त्या खाली उतरत नसत. आज त्यांनी वॉकर एका पायरीवर टेकवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"कोण रे तुम्ही? काय काढताय?"

"पाणीखात्याची माणसं आहोत, आजी. दोन बिलं भरली नाहीत. पाणी बंद करायचा हुकूम आहे."

"भरलं नाही? डोळे फुटले का तुमचे? टाकी भरलेली, बादल्या भरलेल्या. घरात भरायला भांडं उरलं नाही!"

त्या दोघांतला धाकटा फिसकन हसला. थोरला हसला नाही. त्याने झाकणाखालचे दोन ओले कागद अलगद उचलून आक्कांच्या हातात दिले. "आजी, तुम्ही पाणी भरलंत. बिल भरायचं राहिलं."

आक्का कागद बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या भावाला कळवणार का तुम्ही?"

"आम्ही कुणाला कळवत नाही. दुपारी दोनच्या आत कचेरीत भरा, उद्या जोडून देतो."

टेलरकाका कापड तसेच टाकून धावले. परत आले ते घामाघूम, हातात पावती. "आक्का, माप चुकलं माझं," एवढेच ते म्हणाले. शनिवारी पाणी सुरू झाले, पण माझी धाकधूक थांबेना. मोटर बंद, टाकीत पाणी आहे, तिकडे परदेशी कुणालाच काही कळलेले नाही. मला आकडा लपवता येत नाही; माणसांना मात्र गोष्टी लपवता येतात. आणि खरे सांगितले, तर कबुलीप्रमाणे भाऊ परत येणार, आक्का धाकट्याकडे जाणार.

रविवारी फोन आला. लाइट भरले होते. "पाणी?"

आक्का म्हणाल्या, "नाही भरलं. म्हणजे पाणी भरत होतो, बिल राहिलं. परवा पाणी तोडून गेले, काल जोडून गेले. दंडासकट भरलंय."

"अगं बाई!" पलीकडून वहिनींचा आवाज. पाठोपाठ भाऊ म्हणाले, "आक्का, मी उद्याचं तिकीट बघतो."

"काही बघायचं नाही! पोरीला तिथं टाकून इथं येऊन करणार काय, नळ बघत बसणार? आमची चूक आम्ही निस्तरली. हे घर माझंही आहे ना? मग माझ्या हातून एक चूकसुद्धा व्हायची नाही का?"

मग भाऊ म्हणाले, "आक्का, तू बरी आहेस ना?"

मित्रांनो, इतके रविवार गेले. लाइट विचारून झाले, पाणी विचारून झाले, कुलूप विचारून झाले. हा प्रश्न पहिल्यांदा आला.

"मी ना?" त्या म्हणाल्या. "मी शुक्रवारी पायऱ्या उतरले. एकटी."

"एकटी? आणि मग?"

"मग काय, त्या माणसांशी भांडले. आणि पुन्हा वर चढले."

भाऊ हसायला लागले. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

तुम्हीही कधी लांब जाल, मित्रांनो. यादी लिहाल तेव्हा पुरते शब्द लिहा, शाई काही महाग नाही. आम्हा झाकणाखालच्यांना कुणी अधूनमधून उघडून बघेल अशी तजवीज करा. आणि फोन केलात की घराच्या आधी घरात राहिलेल्या माणसाची चौकशी करा. पाणी तोडायच्या आधी दोनदा कागद येतो. माणूस कागद पाठवत नाही. त्याला विचारावे लागते.