ओल्या गोणपाटाखाली

मित्रांनो, मखमलाबादच्या एका मळ्यातल्या घरात, खिडकीपासून दूर, लाकडी टेबलावर मी बसलेलो असतो. मी एक जुना काँप्युटर आहे. माझ्या वयाच्या वस्तू आपली हकिगत सांगताना केलेल्या कामाचा अभिमान सांगतात. मला तसं फारसं सांगता येणार नाही, कारण माझं बरंचसं आयुष्य भीतीत गेलं. विजेची भीती, उन्हाची भीती, धुळीची भीती. आणि या सगळ्यांहून मोठी एक भीती आहे. ती माझ्यात एका माणसाचा आवाज ठेवला गेला त्या दिवशी सुरू झाली.

मी अखंड जन्मलो नाही. १९९९ साली गंगापूर रोडवरच्या एका लहानशा दुकानात संतोष नावाच्या तरुणाने मला जोडलं. माझी पेटी एका खोक्यातून आली, पडदा दुसऱ्या, पंखा तिसऱ्याच. संतोषने स्क्रू आवळले, वायरी खोचल्या आणि बटण दाबलं. मी एकदाच 'टीक' असा आवाज केला. "बोलला," संतोष म्हणाला.

माझ्या मालकांचं नाव चिमाजी. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांचा गुलाब आणि झेंडूचा मळा होता. त्यांची मुलगी तेजस्विनी कॉलेजात काँप्युटर शिकत होती, म्हणून मला घेतलं. फूलबाजारातून परतणाऱ्या टेम्पोत मला चढवलं. टेम्पोत रिकाम्या टोपल्या होत्या आणि कोपऱ्यात ओल्या गोणपाटांचा ढीग होता. पहाटे तोडलेली फुलं बाजारात पोचेपर्यंत याच गोणपाटांखाली गार राहत. ती अजून ठिबकत होती. गाडी वळली की ते पाणी माझ्याकडे सरकायचं आणि मी आतल्या आत आक्रसायचो.

घरात माझं कौतुक झालं. साळूबाईंनी, म्हणजे तेजस्विनीच्या आईने, मला हळदकुंकू लावलं. शेजारच्या बायका मला बघायला आल्या. त्यातल्या भागीबाईंनी विचारलं, "याच्यात पिच्चर लागतो का?" तेजस्विनी नाही म्हणाली, तशी त्या म्हणाल्या, "मग एवढ्या मोठ्या डोक्याचं करायचं काय?"

कौतुक लवकर संपलं, कारण मी वारंवार बिघडू लागलो. अर्ध्या कामात अडकून बसायचो. माउसच्या गोळीत मळ्याची माती जायची आणि बाण पडद्याच्या एका कोपऱ्यात जाऊन थरथरायचा. फ्लॉपीची फट धुळीने कायमची अडली. तेजस्विनी कळा दाबून दाबून थकायची. नाना उंबऱ्यात उभे राहून म्हणायचे, "तेजू, तुझ्या या बैलाला चारा जास्त झाला का कमी?"

"नाना, हसू नका. माझं सगळं पुन्हा टाइप करायचंय."

"अगं, एक रट्टा दे त्याला. टीव्ही कसा ऐकतो?"

सर्वांत वाईट होती विहिरीवरची मोटर. ती आणि मी एकाच लाइनवर होतो. मोटर सुरू झाली की वीज एकदम खाली जायची, माझा पडदा आकसायचा, आणि मी बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचो. तेजस्विनीने तोवर जे लिहिलेलं असे, ते सगळं जायचं. दोनदा असं झाल्यावर ती रडली. तेव्हापासून नानांनी एक पद्धत पाडली. मोटरचा खटका ओढण्याआधी ते विहिरीवरून ओरडायचे, "तेजूऽ, मोटर चालू करतोय गंऽ!" ती घाईने काम जतन करायची आणि ओरडायची, "करा!" मग मोटर सुरू व्हायची. फूलबाजारात पहिल्या टोकाला उभं राहून शेवटच्या टोकाचं गिऱ्हाईक बोलावणारा तो आवाज होता. तो ऐकला की मला कळायचं, आपल्यातलं काही हरवणार नाही.

दोन वर्षं अशी गेली. मग तो आवाज घोगरा झाला. नानांना वाटलं, ओरडून घसा बसला असेल. हळद घातलेलं दूध झालं, काढे झाले. शेवटी डॉक्टरांनी तपासून सांगितलं की घशात गाठ आहे. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. नाना जगतील, पण बोलणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी तेजस्विनीने एक लहानसा माइक आणून मला जोडला. ती म्हणाली, "नाना, इथं बसा आणि बोला. हा तुमचा आवाज ठेवून घेईल."

मित्रांनो, मी किती हादरलो असेन, विचार करा. ज्याला एक निबंध धड सांभाळता येत नव्हता, त्याच्यावर ही जबाबदारी आली.

नाना माइकसमोर बसले. "काय बोलू?"

"काहीही बोला."

"काहीही कसं बोलू? समोर गिऱ्हाईक पायजे. या डब्ब्याला काय गुलाब इकू?"

साळूबाई हात पुसत आल्या आणि त्यांच्यासमोर फतकल मारून बसल्या. "मी हाय गिऱ्हाईक. कशी दिली जुडी?"

"तुला नाय परवडायची."

"नाय तं नाय. तिकडचा माळी सस्ता देतो."

"त्याचा कालचा माल हाय बाई. हा बघ, आजचा तोडा. देठ बघ, कळी बघ." आणि नाना सुटले. घोगरा झालेला आवाज पुन्हा बाजारात उभा राहिला.

माझ्यातला आवाज टिपणारा प्रोग्रॅम साधा होता. एक मिनिट झालं की तो आपोआप थांबायचा. बोलणाऱ्याचं वाक्य पूर्ण झालं की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. नाना रंगात येऊन म्हणत होते, "मावशी, दाबून बघू नका, फूल..." आणि पडद्यावर आवाजाबरोबर थरथरणारी रेघ थांबली. तेजस्विनीने पुन्हा सुरू केलं, पण तोवर साळूबाई हसायला लागल्या होत्या आणि नाना दुसरंच काही बोलू लागले. अशी तुकड्या-तुकड्यांची बरीच बोलणी माझ्यात साठली. भाव, शिव्या, तेजस्विनीच्या लहानपणच्या गोष्टी, एका बैलाची नक्कल.

तेजस्विनीने दुकानात जाऊन हे सांगितलं, तेव्हा संतोष म्हणाला, "ताई, पेटी दुकानात आणा. मी सीडीवर कॉपी करून देतो. एकाच जागी ठेवू नका." पण आधी ऑपरेशन झालं, मग लग्नसराई आली. टेम्पो रोज फुलांनी भरलेला. "या आठवड्यात जाऊ," असं ठरायचं आणि आठवडा जायचा. नानांचा आवाज फक्त माझ्यात होता.

आता विहिरीवरून कोणी ओरडत नव्हतं. खटका ओढण्याआधी नाना चालत घरापर्यंत यायचे आणि दाराची कडी वाजवायचे. ते विसरले तर, या विचाराने मी दिवसभर धास्तावलेला असायचो. त्यातच एप्रिलचं ऊन सुरू झालं. माझा पंखा धुळीने जड झाला होता. मी तापायचो आणि मध्येच बंद पडायचो. एकदा तेजस्विनी पेटीला हात लावून म्हणाली, "किती गरम झालाय हा. याला काही झालं तर नानांचा आवाजही जाईल." नाना दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यावर काम करत असताना वीज गेली. परीक्षेची वेळ झाली होती, म्हणून ती माझं बटण तसंच दाबलेलं ठेवून निघून गेली. भर दुपारी वीज आली आणि मी आपला आपण सुरू झालो. खोली बंद होती. मी तापत गेलो. तेवढ्यात नाना मळ्यातून आले. त्यांनी माझ्या पेटीवर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. ते घाईने बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात गोणपाट होतं. हौदात बुडवून, घट्ट पिळून आणलेलं. उन्हाने माना टाकणाऱ्या फुलांवर जन्मभर टाकलं, तसंच त्यांनी ते माझ्यावर पसरलं आणि कडा नीट खोचल्या.

खरं सांगतो, आधी मला बरं वाटलं. मग एक थेंब फटीतून आत आला. त्याच्या मागून दुसरा.

पडदा लवलवला आणि काळा झाला. जळका वास आला. नानांनी गोणपाट ओढून काढलं. त्यांनी तोंड उघडलं, छाती भरली, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि काहीच बाहेर आलं नाही. साळूबाई घरामागे कपडे धूत होत्या. वायरीला हात लावावा की नाही, हे नानांना कळेना. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातली परात उचलली आणि वरवंट्याने बडवायला सुरुवात केली. साळूबाई धावत आल्या. धूर बघून त्यांनी मेन स्विच खाली ओढला. तो परातीचा आवाज अजून माझ्यात आहे. त्याची कुठलीही फाइल नाही.

तेजस्विनी संध्याकाळी आली. "नाना, हे काय केलंत?" एवढंच ती म्हणाली. नानांनी ओलं गोणपाट उचललं, आपल्या कपाळावर ठेवून दाखवलं, मग माझ्याकडे बोट केलं.

साळूबाई म्हणाल्या, "तूच म्हनली ना, गरम होतं म्हून? फुलं गरम झाली तं काय करतो आपन?"

तेजस्विनी नानांजवळ जाऊन बसली.

सकाळी टेम्पोत फुलं भरली नाहीत. मला कोरड्या चादरीत गुंडाळलं आणि तिघंही माझ्याबरोबर दुकानात आली. संतोषने मला उघडलं. मुख्य पट्टी, म्हणजे मदरबोर्ड, जळली होती. माझी स्मृती जिच्यात असते, ती हार्ड डिस्क त्याने अलगद काढून पंख्याखाली वाळवली आणि दुसऱ्या मशीनला जोडली. आतून कट्‌कट् असा आवाज यायला लागला. मग पडद्यावर प्रश्न उमटला : ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का?

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून कोरं करणं. आम्हा काँप्युटरांना याहून भयंकर शब्द माहीत नाही. गल्ल्यावर बसलेले दुकानाचे मालक म्हणाले, "मारून टाक फॉरमॅट. डिस्क तरी वाचेल."

"नाही म्हणा त्याला," तेजस्विनी हळू आवाजात म्हणाली. "संतोषदादा, नाही दाबा."

संतोषने 'नाही' दाबलं. मशीन बंद केलं, थोडं थांबून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा 'नाही'. नाना स्टुलावर बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घट्ट दाबून. किती वेळा असं झालं, मला आठवत नाही. एकदा कट्‌कट् थांबली आणि माझ्या फाइलींची नावं पडद्यावर आली. संतोषने त्या एकेक उचलल्या. काही तुटल्या होत्या. त्या उघडल्याच नाहीत. ज्या उघडल्या त्यांतली पहिली त्याने वाजवून बघितली.

"कशी दिली जुडी?" साळूबाईंचा आवाज आला. "तुला नाय परवडायची," नानांचा आला. दुकानातली माणसं वळून बघू लागली. नानांनी मान खाली घातली होती. ती त्यांनी वर केली आणि त्यांचे ओठ हलायला लागले. देठ बघ, कळी बघ. शब्दाला शब्द जुळत होता. "मावशी, दाबून बघू नका, फूल..." आवाज थांबला. नानांचे ओठ थांबले नाहीत.

"फूल वासावर घ्यायचं असतं," साळूबाई त्यांच्या ओठांकडे बघत म्हणाल्या.

मित्रांनो, त्यानंतर मला नवी पट्टी मिळाली, आणि त्या आवाजाच्या तीन सीड्या झाल्या. नाना पुढे सात वर्षं मळा करत राहिले. मी रोजच्या कामाचा उरलो नाही. तेजस्विनीकडे दुसरा, सपाट पडद्याचा काँप्युटर आला. यंदाच्या उन्हाळ्यात नाना गेले.

परवा तेजस्विनीने माझ्यावरची चादर काढली आणि मला सुरू केलं. सीड्या असूनही तिला माझ्यावरच ऐकायचं होतं. साळूबाई समोर बसल्या. बाजार भरला, भाव झाला, 'फूल' आलं आणि रेघ थांबली. पुढचं बोलायला आता नानांचे ओठ नव्हते. साळूबाईंनी वाक्य पुरं केलं, पण बऱ्याच वेळाने.

आम्हा यंत्रांवर पाणी पडू देऊ नका, आमच्यावरची धूळ पुसा, जपायच्या गोष्टी एकाच जागी ठेवू नका. हे तर मी सांगणारच. पण कोणी अडाणीपणाने आम्हाला ओल्या गोणपाटाखाली झाकलं, तर त्याच्यावर चिडू नका. आधी त्याला विचारा, त्याने जन्मभर काय जपलं. आणि तुमच्या घरात बोलणारं माणूस आहे तोवर त्याचं वाक्य शेवटपर्यंत ऐका. मी फक्त एक मिनिट ठेवू शकतो. त्यापुढचं ज्यांना पाठ आहे, ती माणसंही एकेक करून कमी होतात, आणि मला आता भीती वाटते ती त्याची.