टोपीवालं कुत्रं

माझा भाऊ पद्मराज बेळगावला कचेरीत कारकून होता, टिळकवाडीत राहायचा. त्याची बायको तापाने गेली आणि तो आपल्या चार वर्षांच्या ब्राह्मीला घेऊन निपाणीला माझ्या दारात उभा राहिला. "आक्का, थोडं दिवस ठेवून घे. रमली तर राहू दे तुझ्यापाशीच," एवढं बोलला आणि दुपारच्या सर्व्हिस मोटारीने परत गेला. मी विधवा, मूलबाळ नाही. सासरच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत माझी वेगळी चूल, पुढच्या अंगाला जाऊबाईंचं भरलेलं घर. आम्हा जैनांचं जेवण दिवस बुडायच्या आत उरकतं. त्यानंतर लोकांच्या घरी गप्पा होतात, माझ्या घरी नुसता अंधार पडायचा. म्हणून भावाचं ते 'रमली तर' माझ्या मनात घट्ट बसलं. पोरगी रमलीच पाहिजे, मग त्यासाठी काय वाटेल ते करावं लागलं तरी चालेल, असं मी ठरवून टाकलं.

पोरगी रडत नव्हती आणि हसतही नव्हती. उंबऱ्यावर बसून राहायची. मी शेंगांचे लाडू वळले, चिंध्यांची बाहुली शिवली. तिने शहाण्या माणसासारखी मान हलवली आणि सगळं बाजूला ठेवलं. मग एके दिवशी आपणहून म्हणाली, "आत्ती, टोपीवालं कुत्रं काढ की." टिळकवाडीत त्यांच्या शेजारी चिंतामणराव म्हणून ड्रॉइंग मास्तर होते. वर्तमानपत्रात गमतीची चित्रं येतात ना, तसलं एक कुत्रं ते रोज तिला अंगणात खडूने काढून दाखवायचे. डोक्यावर टोपी घातलेलं, हसणारं.

मी जन्मात रांगोळीपलीकडे काही काढलं नव्हतं. पण म्हटलं, कुत्रं ते काय मोठं! चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि पडवीच्या पांढऱ्या भिंतीवर हाताच्या सवयीने आधी ठिपके दिले. ठिपके जोडल्यावर एक डबा तयार झाला. चांगला झाकणाचा डबा, खाली चार पाय.

"ह्येला डोळं न्हाईत," ब्राह्मी म्हणाली. मी दोन डोळे दिले. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "त्ये कुत्रं ह्ये न्हवं."

मी फडकं ओलं केलं, हात वर नेला आणि तसाच थांबवला. आमच्या घरात संक्रांतीला साखरेचे हत्ती-घोडे कुणी दिले तरी ते तोडून खात नाहीत. आकार जिवाचा आहे, तो मोडायचं मनात आणलं की पाप लागलंच, हे लहानपणापासून मंदिरात ऐकलेलं. मग मीच डोळे दिलेलं हे कुत्रं मी पुसायचं कसं? ते तर माझ्याकडे बघत होतं! मी फडकं पिळून वाळत टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी अक्कल चालवली. डोळे शेवटी द्यायचे, म्हणजे चुकलं तर पुसता येईल. पण ब्राह्मी मांडीला मांडी लावून बसलेली. "आंधळं हाय व्हय गं त्ये?" असं ती इतक्या काकुळतीने विचारायची की मी मुकाट्याने डोळे द्यायची. डोळे दिले की ते कुत्रं कायमचं घरात आलं. एकाची मान उंटाची झाली, एकाला तीनच पाय मावले. एकाला हसवायला गेले तर दाढ दुखत असल्यासारखं तोंड झालं. मग मी रस्त्यातली कुत्री निरखायला लागले. तंबाखूच्या वखारीसमोर एक लोळत पडलेलं असायचं. त्याचा कान नेमका कुठून फुटतो, हे बघत मी भर बाजारात उभी राहायची आणि लोक माझ्याकडे बघायचे.

"चंदना, भिंतीला देवी आल्यात व्हय गं?" जाऊबाई मालुबाईंनी विचारलं.

"तुमच्या भिंतीला न्हाईत न्हवं आल्या? मग गप ऱ्हावा की," मी म्हटलं.

पहिल्या कुत्र्याचं नाव ब्राह्मीने डब्या ठेवलं. सकाळी पोह्याची वाटी आधी डब्याला दाखवायची, मग स्वतः खायची. त्याची टोपी कुणी चोरली, तो उडी मारताना झाकण पडतं का, असलं काहीबाही विचारून हसायची. एकदा म्हणाली, "डब्याची आई कुठाय?"

"म्या काढलाय न्हवं? मग मीच."

तिला ते पटलं. त्या दिवसापासून संध्याकाळचं जेवण झालं की ती माझ्या मांडीवर येऊन बसायची आणि झोप येईपर्यंत डब्याच्या गोष्टी सांगायची. मला सुख लागलं, दुसरा शब्द नाही त्याला.

तेवढ्यावर गप्प बसायचं की नाही? पण माझा स्वभाव हेकट. जोवर मास्तरांचं कुत्रं टिळकवाडीत आहे तोवर पोरगीही निम्मी तिकडेच राहणार, असं माझ्या डोक्यात होतं. एका संध्याकाळी ते जमलं. एक मोठा गोल, त्याला चिकटून नाकाचा छोटा गोल, आंब्याच्या पानासारखे लोंबते कान, तिरकी टोपी. तोंडाची रेघ गालापर्यंत नेऊन वर वळवली आणि कुत्रं खुदकन हसलं.

"ह्येच! ह्येच त्ये!" ब्राह्मीने टाळ्या पिटल्या. मी फुगून गेले. तेवढ्यात तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. "आई कुठाय? काका कुत्रं काढत्यात तवा आई माझी येणी घालती."

मग ती रडायला लागली. आल्यापासूनचं सगळं रडणं तिने त्या दिवशी काढलं. दुसऱ्या दिवशीही तोंडात पाणी घेईना. मला हात लावू देईना. शेवटी मी निरोप धाडला आणि पद्मराज येऊन तिला घेऊन गेला. "रमली न्हाय ती, आक्का," तो म्हणाला.

पुढे त्याने दुसरं लग्न केलं. पाडव्याच्या सुमाराला निपाणीला आला तेव्हा हसत म्हणाला, "पोरगी डब्या डब्या करतीया बघ. मास्तरांनी लई काढून बघितलं, जमंना. म्हंती, आत्तीलाच येतंय."

मी त्याच्याबरोबरच मोटारीत बसले. डब्या दिसला की पोरगी माझ्या मागे लागेल, निदान थोडे दिवस तरी येईल, असं वाटेभर मनात चाललं होतं. टिळकवाडीत ब्राह्मी तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, अंगाने भरलेली. नवी आई कमला शिकलेल्या घरातली, मायाळू. मी खोट काढायला टपले होते, पण काढता आली नाही.

पाटी मांडीवर घेऊन मी आधी ठिपके दिले. जोडले. झालं ते चांगलं कुत्रंच! पाठ कुठे वाकते, कान कुठून फुटतो, ते आता हाताला माहीत होतं. शेजारी दुसरं काढलं, मुद्दाम पोट फुगवलं, तर ते खाऊनपिऊन सुखी कुत्रं झालं. तिसऱ्याला झाकण घालायला गेले, तर त्याची टोपी झाली. डबा काही केल्या येईना.

ब्राह्मीने माझ्या गुडघ्याशी उभी राहून तिन्ही कुत्री पाहिली. मग पाहुण्यांशी बोलायला शिकवलं असावं तशी म्हणाली, "छान आहे हं, आत्याबाई."

"खरा डब्या निपाणीत हाय गं. येतीस माझ्यासंगं?"

"आईला विचारते," म्हणून ती आत पळाली. आतून तिचं आणि कमलाचं हसणं ऐकू आलं, पण ती बाहेर आली नाही. मी पाटीवरच्या कुत्र्यांत चूक शोधत बसले. एकही सापडेना, तेव्हा मला रडू फुटलं.