टिटवीचा कालपट

काच घासायच्या यंत्रावर वजा सहाची काच गरगरत होती आणि नेमका तेव्हाच ताईंचा फोन थरथरला. त्यांनी तिरक्या नजरेने मजकूर वाचला, हात किंचित दाबला गेला आणि काचेच्या कडेचा टवका उडाला. अठरा वर्षांत ताईंच्या हातून वाया गेलेली ही तिसरी काच.

“ताई, हल्ली फोनला डोळे चिकटलेत तुमचे,” गल्ल्यावरून चष्मेवाले मालक म्हणाले. “आपल्याच दुकानात नंबर काढून घ्या एकदा.”

“टवका उडाला. दुसरी काढते.”

“ते दिसलंच. चेहरा का पांढरा पडलाय, ते विचारतोय.”

“काही नाही हो,” ताई म्हणाल्या आणि खणातून नवी काच काढायला वळल्या. काही नाही कसं? पाचावर धारण बसली होती त्यांची.

मजकूर होता ग्रंथपाल बाईंचा. ‘पट छापायला जाण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून वाचायचा आहे. येत्या रविवारी सकाळी दहा, शाळेच्या वाचनालयात. लिफ्टमन, यंदा सबब चालायची नाही. पट तुमचा आहे, तुम्ही आलंच पाहिजे.’

आता लिफ्टमन कुठून यायचा? लिफ्टमन म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ, आणि तो जाऊन दहा महिने उलटले होते.

भाऊ लिफ्टचा मेकॅनिक. दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या काळोख्या बोळकांडीत लोखंडी दोरांना वंगण लावायचा, संध्याकाळी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचा आणि टिटवीत जाऊन बसायचा. टिटवी हे एका अंतराळयानाचं नाव. दोघं शाळेत असताना टीव्हीवर तिची मालिका लागायची. तीन वर्षांत ती बंद पडली; पण यान थांबलं नाही. मालिकेवरून कादंबऱ्या निघाल्या, एक नाही, दोन नाही, चांगल्या एकेचाळीस. लिहिणारे नऊ जण आणि कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. एकाने नवव्या पुस्तकात कप्तानाच्या आईला मारून टाकलं, तर दुसऱ्याने बाराव्या पुस्तकात तिच्याकडून लेकाला खुशालीचं पत्र लिहवून घेतलं.

साधा माणूस म्हणेल, लेखकाची चूक झाली, सोडून द्या. पण टिटवीचे चाहते साधे नव्हते. इंटरनेटवर त्यांचा एक गट होता आणि तो स्वतःला ‘खड्डेबुजवे’ म्हणवून घ्यायचा. पुस्तकांतली एकही ओळ खोटी म्हणायची नाही आणि तरीही सगळ्या ओळी एकमेकींशी जुळवून दाखवायच्या, हा त्यांचा नेम. त्यात भावाचा हातखंडा. आईच्या पत्रावर सगळे आठवडाभर डोकं फोडत असताना याने तीन ओळींत निकाल लावला. पत्र तिने मरायच्या आधीच टाकलं होतं. यान तोवर इतकं लांब गेलेलं की ते पोचायला तीन वर्षं लागली. कप्तानाने पत्र वाचलं तेव्हा आई नव्हती, आणि ते त्याला ठाऊक होतं. म्हणूनच त्या प्रसंगात तो उत्तर लिहायला बसत नाही. गटात त्या दिवशी दिवाणे झाले होते लोक. अशा निकालांमधून भावाने वीस वर्षांत टिटवीचा कालपट उभा केला: कुठल्या दिवशी कोण कुठे होतं, सगळं तारीखवार, सोळा वह्यांमध्ये.

“रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी,” ताई म्हणायच्या. “जे जन्मलेच नाहीत त्यांच्या जन्मतारखा शोधतोयस. स्वतःचं ब्लडप्रेशर कधी तपासलं होतंस, ती तारीख आहे का वहीत?”

“ताई, एकदा ऐक तरी. पंधरा मिनिटं वाचून दाखवतो.”

“मला वेळ नाही.”

वेळ होता. रोज होता. नवरा गेल्यापासून ताई भावाकडेच राहत होत्या, दोघांचा स्वयंपाक तो काय आणि किती! पण नाही ऐकलं. ब्लडप्रेशरनेच घात केला त्याचा. कामावरून आला, हात धुतले, खुर्चीत बसला आणि संपला. तेव्हापासून ते ‘मला वेळ नाही’ ताईंच्या घशात काट्यासारखं अडकून होतं.

गटाला कळवायचं म्हणून त्यांनी नऊ दिवसांनी त्याचा संगणक उघडला. परवलीचा शब्द पहिल्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला होता, म्हणजे गुप्ततेचा आनंदच. आत प्रश्न वाट पाहत होता. कॉलेजातल्या कुणी मुलीने विचारलं होतं, ‘सतराव्या पुस्तकात टिटवीला पाच दरवाजे आणि विसाव्यात चार. लिफ्टमन, पाचवा कुठे गेला?’ आणि खाली चार-पाच जणांनी लिहिलेलं, ‘थांबा, लिफ्टमन सांगतील.’

ताईंनी ‘तो गेला’ असं लिहिलं. मग त्या दोन शब्दांकडे बघत बसल्या. घरच्यांना सांगून झालं होतं, शेजाऱ्यांना, त्याच्या कंपनीत, बँकेत. प्रत्येक वेळी तो थोडा थोडा जात होता. ही एकच जागा उरली होती जिथे लोक अजून त्याची वाट पाहत होते. त्यांनी ते दोन शब्द खोडले, अकरावी वही काढली, पान शोधलं आणि उत्तर उतरवून पाठवलं: पाचवा दरवाजा अठराव्या पुस्तकातल्या आगीनंतर आतून बंद केला.

‘वा, लिफ्टमन!’ लगेच आलं. ताई खुर्चीत बसून ढसाढसा रडल्या. त्या दिवसापासून ही सवयच लागली. वहीत उत्तर असेल तर ठीक, नसलं की पुस्तक वाचणं आलं. असं करता करता त्यांनी सगळी एकेचाळीस पुस्तकं वाचून काढली. काही अगदी भिकार होती, पण काहींनी झोप उडवली. जिला ऐकायला पंधरा मिनिटं नव्हती, ती बाई आता दुपारच्या सुट्टीत डब्यापेक्षा आधी पुस्तक उघडत होती.

आणि आता हे रविवारचं.

नाही जायचं, तर पुढे काय? पुन्हा सबब, पुन्हा पुढचं बोलावणं. जायचं, तर सांगावं लागणार. फसवलं म्हणून लोक वाट्टेल ते बोलतील, ते एक सोसता येईल. पण भावाला एकदा पोचवून आलेल्या बाईने त्याला परत एकदा पोचवायचं, हे कसं जमावं? शनिवारी दुकान बंद करताना त्यांनी मालकांना सगळं सांगून टाकलं.

मालकांनी शटर अर्ध्यावर धरून ऐकलं. “म्हणजे दहा महिने तुम्ही त्याच्या नावाने उत्तरं देताय? आणि कुणाला पत्ता नाही?”

“कुणाला नाही.”

“ताई, जे लोक पुस्तकातले दरवाजे मोजतात, त्यांना पत्ता नाही?” मालकांनी शटर खाली ओढलं. “जा तुम्ही. सकाळी जा, उशीर करू नका.”

शाळेचं वाचनालय दुसऱ्या मजल्यावर होतं. सुट्टीमुळे लिफ्ट बंद. ताई जिना चढून वर गेल्या तेव्हा लांब टेबलाभोवती पाच जण आधीच बसले होते. टेबलाच्या टोकाला चष्म्याची साखळी गळ्यात घातलेल्या बाई, त्या नक्कीच ग्रंथपाल. शेजारी एक गोरेगोमटे गृहस्थ चहाचे कप पुढे सरकवत होते, ते गटात ‘दातवाले डॉक्टर’ म्हणून लिहायचे. कॉलेजातल्या दोघी मुली एकाच बाकावर. आणि पलीकडे सुकलेल्या अंगाचा, खिशाला दोन पेनं लावलेला माणूस. बसडेपोत गाड्यांची वेळापत्रकं करणारा हा माणूस गटात ‘बारीकराव’ होता आणि त्याच्या नजरेतून मुंगी सुटत नसे. प्रत्येकापुढे पटाची एक कच्ची प्रत आणि पेन्सिल होती. एक प्रत रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली होती.

“या,” ग्रंथपाल बाई उठल्या. “तुम्ही लिफ्टमनच्या...?”

“बहीण. थोरली.” ताईंनी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. रात्रभर घोकलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. “तो गेला. वर्ष होत आलं. तेव्हापासून मीच लिहितेय त्याच्या नावाने. तुम्हाला फसवलं मी, आणि मला दुसरं काही सुचलं नव्हतं.”

कुणी दचकलं नाही. दातवाल्या डॉक्टरांनी हळूच खुर्ची मागे ओढली. “बसा आधी.”

“आम्हाला माहीत होतं,” बारीकराव म्हणाले.

“अहो, जरा सावकाश सांगा की,” ग्रंथपाल बाई करवादल्या.

“सावकाश काय सांगायचं? दहा महिने सावकाशच चाललंय.” बारीकराव ताईंकडे वळले. “तुमचे बंधू दुपारी एक ते दोनमध्ये लिहायचे, नाहीतर रात्री. तुमचे निरोप सगळे सोमवारी. सोमवारी कशाची दुकानं बंद असतात, ते मी पाहिलं.”

“ते काही नाही,” एक मुलगी म्हणाली. “आधीच्या लिफ्टमनना कुणाच्या तोंडाचं वर्णन आठवायचं नाही. आणि नंतरच्या लिफ्टमननी मला दीड पान लिहून पाठवलं, की सोळाव्या पुस्तकात कप्तान चष्म्याशिवाय नकाशा वाचतो ते या वयात शक्यच नाही!”

“शक्य नाहीच ते,” ताई अभावितपणे म्हणाल्या. “जवळचा नंबर लागतोच.”

सगळे हसले. ताईंनाही हसू आलं आणि त्याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

“पण माझी खात्री त्याच्यानंतर पटली,” बारीकराव म्हणाले. “त्या चष्म्यावरच मी तुमची एक चूक काढली. आठवतं? तुम्ही म्हणालात, कप्तानाला चष्मा कुठेच दाखवला नाही. तेराव्या पुस्तकात आहे, पान अठ्ठ्याऐंशी. तुम्ही लिहिलंत, ‘माझं चुकलं, तुमचं बरोबर.’ मी वाचलं आणि खुर्चीवरून उठलोच. वीस वर्षं मी त्या माणसाशी भांडतोय. मेला तरी ‘माझं चुकलं’ म्हणायचा नाही तो.” मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी जीभ चावली. “म्हणजे... तेव्हाच समजलो मी. त्या रात्री जेवण गेलं नाही मला.”

“मग विचारलं का नाहीत?”

“विचारून काय करायचं होतं?” ग्रंथपाल बाई म्हणाल्या. “तुम्ही लिहीत होतात. उत्तरं बरोबर येत होती. घरातलं कुणीतरी त्याच्या वह्या सांभाळतंय एवढं कळत होतं. आम्ही ठरवलं, त्या माणसाने आपणहून सांगितलं तर ऐकायचं. पण पट आता छापायचाय. त्यात खोटं कसं घालणार? म्हणून या वेळी सबब चालणार नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं मी.”

इतके महिने ज्यांच्यापासून त्याचं जाणं लपवून ताईंनी त्याला जिवंत ठेवलं, ती माणसं एकटी एकटी आपापल्या घरी त्याच्यासाठी रडून बसली होती. आणि ताईंना त्यांनी एका शब्दाने दुखवलं नव्हतं. ताईंना वाटलं, यालाच आपण न जन्मलेल्यांच्या जन्मतारखा म्हणत होतो.

डॉक्टरांनी रिकाम्या खुर्चीपुढची प्रत ताईंकडे सरकवली. “शेवटून दुसरं पान बघा. कच्चंच आहे हं, तुम्ही म्हणाल तसं बदलू.”

पानावर पट करणाऱ्यांची नावं होती, टिटवीच्या खलाशांची असावीत तशी, तारखांसह. सर्वांत वर होतं: लिफ्टमन, पहिले. पुढे वीस वर्षांपूर्वीची तारीख, ते अकरा मार्च. त्याखाली: लिफ्टमन, दुसरे. अकरा मार्चपासून पुढे चालू.

ताईंनी पर्समधून स्वतःचा चष्मा काढून लावला आणि ते दोनदा वाचलं. इथवर त्यांनी डोळे कोरडे ठेवले होते. आता ठेवता आले नाहीत. पण त्या काचा घासणाऱ्या बाई होत्या, कडेचा केसभर फरक त्यांना चालत नसे.

“हे चुकलंय,” त्या म्हणाल्या.

बारीकरावांनी झटकन पेन्सिल उचलली. “कुठे?”

“अकरा नाही. दोन. दोन मार्चला गेला तो. संध्याकाळी साडेसातला.”

“आम्ही पहिल्या सोमवारच्या निरोपावरून धरली होती तारीख,” बारीकराव पुटपुटले. “म्हणजे आधीचे दोन मार्चला संपतात आणि नंतरचे अकराला सुरू होतात.” त्यांनी मान वर केली. “मधले नऊ दिवस?”

पटात ज्यांनी एकही दिवस रिकामा सोडला नव्हता, ती पाचही माणसं ताईंकडे बघत होती. एका मुलीने लिहायला वही उघडली.

“मधले नऊ दिवस कुणीच नव्हतं,” ताई म्हणाल्या.

मुलीने वही मिटली. बारीकरावांनी घसा साफ केला आणि हलक्या आवाजात विचारलं, “तसंच ठेवायचं?”

“तसंच ठेवा.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. पाच पेन्सिलींनी पहिल्या ओळीतल्या अकरावर एकेक रेघ मारली आणि वर दोन लिहिलं. दोन ओळींमधली जागा कुणी भरली नाही. भावासाठी ठेवलेल्या प्रतीवर ताईंनी सर्वांत शेवटी रेघ मारली, पट्टी लावल्यासारखी सरळ, आणि आकडा नीट, मोठा काढला.

“झालं?” ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

“झालं,” ताई म्हणाल्या. “पहिल्या पानापासून वाचूया. मी वाचते.”