दगडातला शिंपला

बायकोच्या थडग्यावरचा दगड त्यानं दुसऱ्या कुणाला घासू दिला नाही. पस्तीस वर्षं लोकांच्या फरशा, ओटे, जिने चकचकीत करून दिले. आता एवढं एक काम परक्या हाती द्यायचं म्हणजे कहरच. तर चौथ्या घासणीला, नेमकं जिथं नाव कोरायचं तिथंच, नखाएवढा शिंपला वर आला. त्यानं मशीन बंद केलं आणि वाटीत दगडाची भुकटी आणि राळ कालवायला घेतली. कारखान्याची रीतच होती ती. शिंपला म्हणजे खोट; ती भरायची, वरून घासायची आणि गिऱ्हाइकाला पत्ता लागू द्यायचा नाही. असे हजारो शिंपले त्यानं बुजवले होते.

"बाबा, तो बुजवू नका," लेक म्हणाली.

ती प्रयोगशाळेत दगडांची वयं काढायची. "बाप दगड घासतो, लेक त्यांची वयं विचारते, दगडांनी तुमचं काय घोडं मारलंय?" असं तिची आई म्हणायची, आणि भांडण तिथंच हसण्यावारी जायचं. आता मध्ये पडायला कुणी उरलं नव्हतं.

"खोट आहे ती," तो म्हणाला.

"खोट कसली? जिवंत होता तो. हा दगड जिथला, तिथं समुद्र होता, तेव्हाचा. कोट्यवधी वर्षं झाली त्याला."

"देवानं दगड केला तो दगड म्हणूनच केला. त्याला कोटी वर्षं कशाला लागतात?"

"मग आत शिंपला कशाला ठेवला?"

"त्याची मर्जी," तो म्हणाला खरा, पण त्याचं त्यालाच ते पटलं नाही. इतके शिंपले बुजवले, पण हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला.

"तुझंच खरं असेल तर तुझी आई कुठंय, सांग. मातीत? आणखी कोटी वर्षांनी तिलाही कुणीतरी घासायला घेणार?"

"मला नाही माहीत, बाबा." तिनं शिंपल्यावर बोट ठेवलं. "मागचं थोडंफार कळतं मला. पुढचं नाही कळत."

तो वाटी ढवळायला लागला. मग इतके दिवस पोटात ठेवलेलं बाहेर पडलं.

"मी भेटणार आहे तिला. त्यात मला शंका नाही. पण तू काही मानत नाहीस. मी गेल्या गेल्या ती पहिलं हेच विचारणार, पोर कुठंय? मी काय सांगू गं तिला?"

लेकीचे डोळे भरून आले. तिनं नाक पुसलं.

"सांगा, थांब म्हणावं. कितीही कोटी वर्षं लागली तरी थांबेल ती. मला सोडून ती कधी जेवायलासुद्धा बसली नाही."

त्यानं मान डोलावली. ते मात्र खरं होतं.

"नाव बोटभर खाली घेऊ," तो वाटी बाजूला सारत म्हणाला आणि खूण करायला खडू तिच्या हातात दिला.