मिस्नातीच्या गादीतला खड्डा

"आगं मिस्नाती, गादी हाय का म्हशीचं डबकं? मदी पानी साचंल की!"

समोरच्या ओट्यावरून रतेमीनं तोंड सोडलं. मिस्नाती एकटीच गादी फरफटत अंगणात आणत होती.

"साचू दे. तुजी म्हस आनून बसीव," ती धापा टाकत म्हणाली.

वर्षातून एकदा, ठरल्या दिवशी, आमच्या गावात घरोघरच्या गाद्या उन्हात पडतात. वरून काळ्या, कडेनं लाल, आईनं लेकीला लग्नात दिलेल्या. ऊन उतरायच्या आत त्या घरात गेल्या पाहिजेत, नाहीतर घरातलं दुखणं हलत नाही म्हणतात. आणि मिस्नातीच्या घरातलं दुखणं तर आत चटईवर कण्हत पडलं होतं. तिचा नवरा सपुवान माडावरून पडला तेव्हापासून कमरेखाली लुळा. गादीच्या खड्ड्यात पडून पडून त्याच्या पाठीला जखम झाली होती. नर्सबाई म्हणाली, कुशीवर वळवत जा. कुशीवर वळवला की तो घसरून पुन्हा खड्ड्यात.

"आक्का, उसवू का?" तिनं मला विचारलं. मी तिची शेजारीण, दाभण घेऊनच आले होते.

"त्यापरीस दुकानातली फोमाची आन की!" रतेमी ओरडली. ओट्यावर बसून अक्कल शिकवायला काय जातं?

शिवण उसवली आणि आमचे हातच थांबले. मधला सावरीचा कापूस घामानं, लघवीनं आवळून दगडासारखा झाला होता. पिंजता पिंजता बोटं सोलली, पण गोळे काही सुटेनात. गावातली सावरीची झाडं कधीच तोडली गेली, नवा कापूस आणायचा कुठून? चांगला राहिला होता तो फक्त एका कडेला, मिस्नाती निजायची तिथं.

"हा समदा त्येच्याकडं सारू," ती म्हणाली.

"आन तू?"

"माज्या पाठीला काय झालंय?"

कापूस पसरला तोच इजेनच्या डोंगराकडून वारा सुटला. दुष्काळात तेरावा महिना! निम्मा कापूस रस्त्यावर उडाला. ओरडणारी रतेमीच पदर पसरून त्याच्यामागं धावली आणि शिव्या देत देत तिनं तो परत आणून टाकला.

"झालं का गं?" आतून सपुवाननं हाक मारली. "हाडं टोचत्यात."

"झालंच, झालंच!"

ऊन कलायला लागलं होतं. तापलेला सावरीचा कापूस फुगतो, निवल्यावर बसतो, म्हणून तो निववून भरायचा, हे आमच्यातल्या पोरीसोरींनाही ठाऊक. पण निवेपर्यंत थांबलो असतो तर गादी बाहेरच राहिली असती. आम्ही फुगलेलाच कोंबला आणि भराभर टाके घातले. गादी त्याच्या बाजूला अशी टम्म दिसत होती की मिस्नाती कितीतरी महिन्यांनी हसली.

गादी आत नेऊन तिघींनी सपुवानला उचलून वर निजवलं. त्यानं डोळे मिटले.

"राजावानी वाटतंय गं," तो म्हणाला.

मिस्नाती चुलीकडं भात लावायला गेली. मी जरा बसले होते. माझ्या डोळ्यांदेखत कापूस निवत गेला, खाली बसत गेला, आणि सपुवान हळूहळू तिच्या रिकाम्या बाजूकडं कलंडायला लागला. मी खांदा धरला, उशी लावली, काही उपयोग झाला नाही. खड्डा गेला नव्हता, नुसता वीतभर सरकला होता. मिस्नाती येऊन दारात उभी राहिली. मला तर रडूच फुटलं.

सकाळी रतेमी मुद्दाम कुंपणाशी आली. टोमणा मारायचा होता की खरंच काळजी होती, देव जाणे.

"काय गं, जमली का गादी?"

"जमली की," मिस्नाती कंबर धरून म्हणाली. "एका मानसायेवडा कापूस कमी पडला. तितं मी निजती, त्यो गडगडू नये म्हनून."