कागदाची गाडी

चिंगमिंग जवळ आला तसे पा मला पेनांगच्या बाजारात कागदी सामानाच्या दुकानात घेऊन गेले. या पितरांच्या सणाला थडग्यापाशी कागदाची घरं, कपडे, फोन जाळायचे, म्हणजे ते वर पोहोचतात. माझा पाठचा भाऊ बून हेंग जाऊन वर्ष होत आलं होतं. पांना त्याच्यासाठी गाडी हवी होती.

"काळी, लांबडी. अगदी त्याच्या गाडीसारखी," पा दुकानदाराला म्हणाले. "आणि आत ड्रायव्हर बसवा. माझा पोरगा काय स्वतः चालवणार?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीच गाडी! शेजारच्या लिमच्या मुलाने घेतली म्हणून पांनी हेंगच्या मागे टुमणं लावलं होतं. हप्त्यांपायी त्याने दुसरी नोकरी धरली. "ताई, डोकं सारखं गरगरतं गं, झोपच येत नाही," म्हणायचा. पहाटेपर्यंत त्याच्या खोलीत दिवा जळायचा. मी डॉक्टरांचं नाव काढलं तर पा खेकसले, "अशी गाडी दारात असताना कुणाला वेड लागतं होय?" मग हेंगने जीव दिला. नातेवाइकांना हार्ट अटॅक सांगितला.

आता आमचा धाकटा भाऊ कियात नोकरीला लागला होता आणि त्याच्याही खोलीत दिवा जळू लागला होता. म्हणून मला पांच्या तोंडून एकदा तरी खरं वदवून घ्यायचं होतं.

"पा, गाडी नको. पलंग घ्या. त्याला झोप हवी होती."

दुकानदार हसला. "पलंग कोणी मागत नाही, बाई. बंगला दाखवू?"

"चारचौघांत तमाशा नको," पा पुटपुटले. "लिम काय म्हणेल?"

"लिमच्या मुलाने जीव नाही दिला, पा."

पांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता बोलतील. ते दुकानदाराकडे वळले. "चाकं फिरतात ना हिची?"

सणाच्या दिवशी आम्ही तिघं हेंगच्या थडग्यापाशी जमलो. कागदाची गाडी भडकन पेटली. सामान भलत्याकडे जाऊ नये म्हणून नावाने हाक मारावी लागते. "हेंग, गाडी आली रे! घेऊन जा!" पा ओरडले. मग त्यांनी खिशातून खऱ्या गाडीची किल्ली काढली.

"कियात, ती आता तुझी. किती दिवस झाकून ठेवायची?"

"घेऊ नकोस!" मी किंचाळले.

कियातने माझ्याकडे पाहिलं. मोठ्यांनी दिलेली वस्तू आमच्यात दोन्ही हातांनी घेतात. त्याने तशीच घेतली. त्याचे डोळे लाल झाले होते.

"धूर फार झाला," पा म्हणाले.