ओसमोनची शिंक

मुलाचं, मेलिसचं, लग्न झालं त्या वर्षी, पहिला बर्फ पडून गेल्यावर, शायिर लोखंडी कढईत निखारे घेऊन त्यावर आर्चाच्या, डोंगरातल्या त्या सुगंधी झाडाच्या, हिरव्या डहाळ्या टाकत होती आणि खोल्याखोल्यांतून धुरी फिरवत होती. वरच्या आळीत फ्लूची साथ आली होती. साथ आली की घराला आर्चाची धुरी द्यायची, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. भिंतीवरचे गालिचे, रजयांची चळत, नव्या सुनेची पेटी, सगळ्यांवरून तिने धूर नेला. शेवटी सुनेच्या डोक्यावरून कढई उतरवायची म्हणून हाक मारली, तर ऐजार्किन घरात नव्हती.

ती मागच्या अंगणात सापडली. कुंपणाचं लाकूड दोन्ही हातांनी धरून वाकून उभी होती. अंगावर कोट नव्हता. तिच्या छातीतून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज येत होता. शायिरला पाहताच तिने बाहीत काहीतरी सारलं.

“काय आहे ते?”

“काही नाही, आई.”

“काही नाही ते बाहीत कशाला लपवायचं? दाखव.”

तोंडात दाबायचा छोटा निळा पंप होता. शायिरने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत तिच्या हातात दिला.

“कधीपासून?”

“लहानपणापासून. आमच्याकडे सगळ्यांनाच आहे. रानदवणा फुलला की माझ्या आईच्या डोळ्यांना धार लागते. गेल्या हिवाळ्यात भावाला साधा फ्लू झाला, तर दवाखान्यात नळ्या लावून ठेवावं लागलं.”

“लग्नाआधी बोलली नाहीस ते.”

“आई म्हणाली, बोलू नकोस. रोगट रक्ताची मुलगी कोण करून घेईल?” ऐजार्किनने खाली पाहिलं. “कानिम आत्यांना कळलं, तर…”

कानिम ही शायिरच्या नवऱ्याची, ओसमोनची, धाकटी बहीण. खालच्या आळीतल्या एका सुनेला फिट येते असं कळलं, तेव्हा तिची पेटी माहेरच्या गाडीवर चढेपर्यंत सगळ्यांत जास्त कानिमच बोलली होती.

शायिरने कढई बर्फात उपडी केली. निखारे चरचरून विझले. खांद्यावरची शाल काढून तिने सुनेच्या अंगावर टाकली.

“आत चल. आणि दारं उघड सगळी. धूर जाऊ दे.”

दुसऱ्या दिवशी ती दूध घालायच्या निमित्ताने दवाखान्यात गेली. नुरिला ही गावातली नर्स. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आधी धुरीवरून शायिरलाच रागावली.

“मावशी, हे शिंकणं, धाप लागणं, अंगाला खाज सुटणं पिढीतून पिढीत उतरतं. आणि त्याच्याच जोडीने बहुधा असंही काही उतरतं, की फ्लू त्या माणसाला लवकर धरतो आणि सोडता सोडत नाही. कसं ते मोठे डॉक्टर अजून शोधताहेत. पण मी इथे दर हिवाळ्यात बघते ना. लस आली आहे. तिला उद्याच घेऊन या.”

“ती यायची नाही.”

नुरिलाने खिडकीबाहेर पाहिलं. समोर दुकान, दुकानापुढे बाक, बाकावर कानिम. गावात धडधाकट तरुण सुनेने कधी लस टोचून घेतली नव्हती. ती घरी पोचायच्या आत सगळ्या गावाने कारण विचारलं असतं.

“मग मी घरी येते.”

“तू पेटी घेऊन आमच्या फाटकात शिरलीस, तर लोक काय कमी विचारतील?”

ओसमोन तबेल्यात घोडीचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होता. त्याचा उभा जन्म घोड्यांत गेला होता. घोडा विकत घ्यायचा झाला की लांबलांबच्या खोऱ्यांतून माणसं त्याला दाखवायला आणत. शायिरने बादली उपडी घालून तिच्यावर बसत सगळं सांगितलं. तो खूर खरवडत राहिला.

“म्हणजे रक्तातलं,” तो म्हणाला.

“नुरिला तसं म्हणते.”

“पोरांना उतरेल?”

“उतरेलही. नाहीही.”

त्याने खूर खाली ठेवला आणि घोडीच्या पोटावर थाप मारली. “पोरगी चांगली आहे. माझ्या चहात साय टाकायला विसरत नाही.”

“एवढंच सुचलं तुला, म्हाताऱ्या?”

“विचार करतोय, म्हातारे. विचार करताना मी बरा दिसत नाही. तू जा.”

शुक्रवारी कानिम दोन शेजारणींना घेऊन चहाला आली. ऐजार्किन डोक्याचा रुमाल कपाळापर्यंत ओढून कोळशावर तापणाऱ्या चहाच्या समोवाराशी बसली आणि पाहुण्यांचा मान म्हणून अर्धे अर्धे पेले भरून देऊ लागली. कानिमने तळलेला बोरसोक सायीत बुडवला, तोंडात टाकला आणि नाक वर करून हुंगलं.

“वहिनी, गावात साथ आणि तुझ्या घरात आर्चाचा वास नाही? सून आली म्हणून हातपाय बांधून बसलीस की काय?”

शायिर उत्तर जुळवत होती, तेवढ्यात समोवाराचा धूर वळला आणि ऐजार्किनला खोकला आला. तिने तो गिळला. दुसरा गिळता आला नाही. कानिमचा पेला हवेत थांबला.

“हा कसला खोकला ग?”

तेव्हा ओसमोनने रुमाल काढून नाकाला लावला आणि शिंकला. पेल्यांतला चहा हलावा अशी शिंक. मग दुसरी, मग तिसरी. डोळे लाल झाले, गालांवर पाणी आलं.

“धुरी मी बंद केली,” तो नाक पुसत म्हणाला. “मला सोसत नाही. ही बिचारी माझी शिंक ऐकून ऐकून खोकायला लागली.”

“तुला सोसत नाही? दादा, तू जन्मभर घोड्यांत झोपलास.”

“आणि जन्मभर शिंकलो. ऐकायला कोण होतं? घोडे.”

शेजारणी हसल्या. कानिम हसली नाही. “आपल्या सात बापांत, सात पिढ्यांत, कुणाला असलं काही नव्हतं.”

“सात बाप तुला पाठ आहेत, कानिम. आयांचं कधी कुणी विचारलं? आपली आई रानदवण्याच्या दिवसांत दारं लावून बसायची. नाक चोळून चोळून लाल व्हायचं तिचं.”

कानिमने पेला खाली ठेवला. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. आईचा फोटोसुद्धा नव्हता घरात.

“आई शिंकायची?” तिने विचारलं. आवाज तिचा नव्हताच. “कशी?”

ओसमोनने रुमाल खिशात ठेवला. “एकामागून एक. थांबायचंच नाही. मग स्वतःच हसायची.”

कानिमचा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे गेला. शायिर नवऱ्याकडे पाहत राहिली. तो चहात बघत होता.

“नुरिला म्हणते, असल्या माणसाला फ्लू वाईट धरतो,” तो पुढे म्हणाला. “उद्या लस घेतो. आणि एका घरात, एका पातेल्यातलं खाणाऱ्यांनीही घ्यायची असते. तेव्हा सूनबाई, तूही चल. मला सुईची भीती वाटते, माझा कोट धरायला कुणीतरी हवं.”

“घ्या,” कानिम म्हणाली. “मलाही ने.”

दुसऱ्या दिवशी ओसमोन भर रस्त्यातून, दुकानासमोरून, शिंकत शिंकत दवाखान्यात गेला. मागे कोट धरून सून, तिच्यामागे शायिर आणि कानिम. बाकावरची माणसं पोट धरून हसली.

“काय ओसमोन, घोड्याला सर्दी झाली की आता तुला दाखवायचं ना?”

“आणा. दोघं मिळून शिंकू.”

नुरिला खाली बघून सुया भरत राहिली. फक्त ऐजार्किनच्या दंडावर कापूस दाबताना तिने जरा जास्त वेळ हात ठेवला.

त्या संध्याकाळी शायिर कपडे भिजवायला बसली. ओसमोनचा रुमाल झटकला तर नाकात आग गेली आणि ती शिंकली. रुमालाच्या कोपऱ्याला गाठ होती. गाठीत लाल मिरचीची पूड.

सारा संसार तिने त्या माणसाशेजारी काढला होता. उन्हाळी कुरणांवर एका तंबूत, एका रजईखाली, घोड्यांच्या घामाचा वास अंगाला लागलेला. तो घोरायचा. झोपेत घोड्यांना हाका मारायचा. शिंकताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं.

तिने रुमाल धुतला, चुलीवरच्या दोरीवर वाळवला. सकाळी त्याच्या कोटात ठेवण्याआधी मिरचीच्या डब्यातून चिमूटभर पूड घेतली, कोपऱ्यात घातली आणि गाठ मारली. त्याच्या गाठीपेक्षा घट्ट.

त्या हिवाळ्यात ऐजार्किनला फ्लू झाला. तिने दोन-चार दिवस अंथरूण धरलं, निळा पंप उशीखाली ठेवला आणि मग उठून बसली. शायिरने मेंढीच्या मटणाचा रस्सा पाजताना तिचं कपाळ पुसलं, तेव्हा ती म्हणाली, “बाबा माझ्यासाठी केवढे शिंकले.”

“गप रस्सा पी,” शायिर म्हणाली. “त्यांच्या आईचं आहे ते.”

ओसमोनला मात्र ती शिंक सोडता आली नाही. रानदवणा फुलला की त्याला लोकांसमोर नाक चोळावं लागे. शर्यतीत घोडा पारखायला पूर्वी त्यालाच आधी बोलावत. आता पोरं ओरडत, “लांब उभे राहा आजोबा, घोडा बुजेल.” तो लांब उभा राही आणि लांबूनच सांगे कुठला घोडा जिंकणार. कानिमही ऑगस्ट आला की शिंकू लागली. दर वेळी शिंकून झालं की जरा हसायची.

मेलिसला मुलगा झाला, एल्दियार. तो चालायला लागला आणि रानदवण्याच्या दिवसांत त्याच्या छातीतून बिजागरीचा आवाज येऊ लागला. गावात कुणी काही विचारलं नाही. आजोबांवर गेलाय, म्हणाले. ऐजार्किन त्याला दर हिवाळ्याआधी दुकानासमोरून नुरिलाकडे नेई, आणि बाकावर बसलेली कानिम उठून त्याला कडेवर घेई.

सात बाप पाठ झाल्याचं दाखवायला एल्दियार पाहुण्यांसमोर उभा राहिला, तेव्हा त्याने वडिलांचं नाव घेतलं, मग आजोबांचं. तिथे थांबून स्वतःच्याच मनाने म्हणाला, “हे शिंकतात. मीपण शिंकतो.” मग पुढचे पाच सांगितले. ओसमोन खिडकीकडे तोंड करून बसला आणि त्याने रुमाल काढला. या वेळी शिंक आली नाही. त्याने नुसते डोळे पुसले.

ओसमोन त्याच वर्षी, २०१९ च्या मे महिन्यात वारला. घोड्या व्यायल्या होत्या, तो शिंगराजवळ गवतात बसला होता, तिथेच गेला. त्याचे कपडे रिवाजाप्रमाणे वाटले. रुमाल तेवढा शायिरने ठेवून घेतला. कानिम त्यानंतर दोन वर्षांनी थंडीत गेली; त्या रुमालातल्या गाठीचं तिला कधी कळलं नाही.